अठरा हजार नोंदी, चार भोवरे

एप्रिलच्या दुपारी लातूर-नांदेड पट्ट्यातली नांगरलेली काळी रानं तापली की वावटळी उठतात. त्या धुळीमुळे दिसतात, एवढंच. त्यांच्याहून कितीतरी मोठी उलथापालथ डोक्यावर, दोन किलोमीटर उंचीपर्यंत, न दिसता चालू असते. रानातली उष्णता आणि ओल वर जाते ती मुख्यतः तिच्यामुळेच.

ती मोजायला मनोऱ्यावर सोनिक ॲनिमोमीटर बसवतात. एका टोकाकडून दुसऱ्याकडे ध्वनी किती वेळात पोचतो, यावरून तो वारा मोजतो. सेकंदाला दहा नोंदी, म्हणजे अर्ध्या तासात अठरा हजार! संख्या भरघोस वाटते, पण मेख इथेच आहे. सेकंदाला चार मीटर वाऱ्याबरोबर या उलथापालथीतला दोन किलोमीटरचा भोवरा मनोऱ्यावरून सरकायला आठेक मिनिटं लागतात. अर्ध्या तासात असे जेमतेम चार. चार घरं विचारून गावाचा कौल सांगण्यातला हा प्रकार.

मग जास्त वेळ मोजावं? चूक निम्मी करायची तर वेळ चौपट लागतो. अर्ध्या तासाचे दोन तास झाले की सूर्य कलतो, हवाच बदलते, आणि सरासरी नक्की कशाची काढली हे सांगता येत नाही.

उपकरणांनाही खोड्या असतातच. १९६८ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, सपाट शेतातल्या ३२ मीटर मनोऱ्यावर झालेला प्रयोग ही उलथापालथ मोजण्याच्या शास्त्राचा पाया मानतात. भारतीय वंशाचे जे. सी. कैमल त्यात होते. पण मनोऱ्यानेच वाऱ्याची वाट वाकडी केल्याने त्यातले काही आकडे चुकल्याचा आक्षेप १९८० मध्ये आला.

भोवरे कमी सापडण्यावर दुसरा उपाय विमानाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ या ढगांच्या मोहिमेत विमानं वापरली. समजा, असं एखादं विमान सेकंदाला नव्वद मीटर वेगाने लातूरहून सरळ नांदेडला निघालं. वीस-बावीस मिनिटांत ते पन्नासेक भोवरे कापेल. मात्र वाटेत अहमदपूरकडचं बालाघाटाचं पठार संपून गोदावरीचं खोरं लागतं, म्हणजे खालची जमीन बदलली. शिवाय विमानाची स्वतःची हालचाल प्रत्येक नोंदीतून वजा करावी लागते, ती वेगळीच.

उष्णतेचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा; अवघड आहे तो चढत्या-उतरत्या हवेतल्या विषमतेचा. वर जाणारे झोत अरुंद आणि जोरकस, उतरणारी हवा पसरट आणि संथ. ही विषमता मोजायला वेगाचा घन घ्यावा लागतो. तिप्पट वेगाचा एक झोत तिथे सत्तावीसपट भरतो.