भाकीत खरे ठरले का? वाद नेमका कशावर

सूरह अर्-रूम : कुरआनचे ३० वे प्रकरण. आयती २ ते ४ : रोमन (बायझंटाइन) हरले, पण काही वर्षांत जिंकतील. ‘काही’ म्हणजे परंपरेने ३ ते ९ वर्षे.

इतिहासातील नोंदी : ६१४, इराणी सैन्याने जेरुसलेम घेतले. ६२२, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसची इराणींवर चढाई. डिसेंबर ६२७, निनेव्हे येथे त्याचा विजय. ६२८, तह.

अडते कुठे? मोजणीत. श्रद्धावान अभ्यासक ६२२ किंवा ६२४ चे विजय धरतात. ६१४ ते ६२७ मोजले तर १३ वर्षे होतात. शिवाय जुन्या अरबी लिपीत स्वरचिन्हे नव्हती. ‘रोमन जिंकले, पुढे हरतील’ असा उलटा पाठही भाष्यकारांनी नोंदवला आहे. प्रचलित मात्र पहिलाच.

हदीस कुरआनहून वेगळी : ती प्रेषितांच्या उक्ती-कृतींची नोंद, प्रमुख संग्रह ९ व्या शतकातले. त्यामुळे आधी कथनाची साखळी तपासतात. कॉन्स्टँटिनोपलच्या विजयाचे भाकीत मुस्नद अहमदमध्ये आहे. संकलक अहमद इब्न हंबल ८५५ मध्ये वारले, शहर पडले १४५३ मध्ये. काहींच्या मते ते भाकीत अंतकाळाविषयी आहे.

मुंबईतही वाद : १८३० च्या दशकात मिशनरी जॉन विल्सन आणि हाजी मुहम्मद हाशिम यांचा इस्लामवर लेखी वाद झडला.