जहाजाने दिलेली उसंत

आज नागपूरहून विमानात बसलेला हाजी काही तासांत सौदी अरेबियात उतरतो. 1995 पर्यंत मात्र मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजेही जात असत. त्यांतले शेवटचे 'अकबरी'. प्रवास सुमारे 2,300 सागरी मैलांचा. नागपूरचे हाजी आधी रेल्वेने मुंबई गाठत, मग जहाजावर चढत.

समुद्र दरवेळी सारखा नसे. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने हजचा काळ ऋतूंमधून मागे सरकत जातो. हिवाळ्यात आला तर अरबी समुद्र शांत. पावसाळ्यात आला तर नैऋत्येचे वारे आणि उंच लाटा. उलट्या, चक्कर, अन्नावरची वासना उडालेली. बाब-अल-मंदेब ओलांडून तांबड्या समुद्रात शिरले की अंग भाजणारा उकाडा. पुढे यलमलमची मिकात येण्याआधी एहराम बांधला जाई आणि डेकवर 'लब्बैक' घुमे.

तोवर किती तरी शिकून होई. हजचे मसाइल समजत, आजारी सोबत्याची खिदमत घडे, सब्राची परीक्षा होई. परतण्याची खात्री नसल्याने घर सोडण्यापूर्वीच कर्ज फेडलेले असे, रुसलेल्या भावाची माफी मागितलेली असे.

विमान ही उसंत देत नाही. म्हणून ज्यांचा नंबर लागला आहे त्यांनी ते दिवस घरीच काढावेत: हिशेब चुकते करावेत, मसाइल शिकावेत, तुटलेली नाती जोडावीत. सामानाची बॅग त्यानंतर भरावी.