पीठ, साखर आणि चहा

सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेले नातेवाईक सुट्टीत घरी आले, की तिथल्या मूळ रहिवाशांचा विषय कधीतरी निघतो. ‘त्यांच्यात डायबेटिस फार, रक्तातच आहे तो,’ असं कुणीतरी खात्रीने सांगतं.

रक्ताला दोष देण्याआधी ताटात काय होतं ते पाहू. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात मुरनाँग नावाचा पिवळ्या फुलांचा कंद माळावर भरपूर उगवायचा. बायका काठीने तो उकरून टोपल्या भरत आणि भाजून घरादाराला खाऊ घालत. 1835 पासून गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या. त्यांनी आधी पाला खाल्ला, मग कंद मुळासकट उपटले, खुरांनी माती दडपून टाकली. काही वर्षांतच कंद मिळेनासा झाला. जमिनीवरून हुसकलेल्या माणसांना पुढे मिशनवर आणि गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर रेशन मिळायचं: पांढरं पीठ, साखर, चहा, तंबाखू. पुष्कळ ठिकाणी राबण्याचा मोबदलाही तेवढाच. पिढ्यान्‌पिढ्या हेच पोटात गेलं.

1982 मध्ये केरिन ओडी या संशोधिकेने वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या डर्बीजवळच्या दहा मधुमेही मूळ रहिवाशांना सोबत घेतलं. ही माणसं सात आठवडे आपल्या मूळ मुलखात राहिली. कांगारू, मासे, कंद, मध, जे स्वतः मिळवलं तेच खाल्लं. वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं आणि उपाशीपोटीची साखर सुमारे 210 वरून 120 वर आली. रक्त तेच होतं, माणसंही तीच.

दुसरा समज असा, की रोगराई तिथे होतीच, गोऱ्यांनी उलट औषधोपचार नेले. देवीचा रोग मात्र तिथल्या माणसांच्या अंगाला पूर्वी ठाऊक नव्हता. इंग्रजांचं पहिलं आरमार जानेवारी 1788 मध्ये आलं आणि एप्रिल 1789 मध्ये सिडनीच्या किनाऱ्यावर देवीने मेलेली माणसं सापडू लागली. साथ आली कुठून, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण आसपासची निम्मी वस्ती गेली, असा अंदाज खुद्द वसाहतीच्या गव्हर्नर फिलिपने नोंदवला. त्याच्याच हुकमाने पकडून आणलेला अराबानू नावाचा मूळ रहिवासी आजारी मुलांची शुश्रूषा करत होता. मुलं वाचली, तो मे महिन्यात त्याच रोगाने गेला.

औषधोपचारांचं म्हणाल, तर 1908 ते 1919 या काळात वेस्टर्न ऑस्ट्रेलियात गुप्तरोगाच्या नुसत्या संशयावरून मूळ रहिवाशांना पकडत, कित्येकांच्या गळ्यात साखळ्या घालून नेत आणि समुद्रातल्या दोन बेटांवर ठेवत. पुरुष बर्निअरवर, बायका डॉरवर. त्यातले बरेच जण घरी परतलेच नाहीत. अशा घरांतल्या लोकांना दवाखान्याची पायरी चढताना आजही भीती वाटत असेल, तर त्याला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळेच दारुडे, असाही एक समज आहे. त्याबद्दल थोडक्यात: अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण मूळ रहिवाशांत इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे. पिणाऱ्यांतले काही धोक्याच्या पातळीपर्यंत पितात हेही खरंच.

‘झालं गेलं, आता काय?’ असंही विचारतात. मूळ रहिवासी आईबापांपासून मुलं हिरावून नेण्याचं सरकारी धोरण 1970 च्या आसपासपर्यंत चालू होतं. त्यांतली पुष्कळ मुलं आज साठी-सत्तरीत आहेत. 2020-22 च्या आकड्यांनुसार मूळ रहिवासी पुरुषाचं सरासरी आयुर्मान 71.9 वर्षं आहे, इतर पुरुषांपेक्षा जवळपास नऊ वर्षांनी कमी. दूरच्या वस्त्यांत एकेका घरात दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांचा साधा घसा दुखतो, वेळेवर इंजेक्शन मिळत नाही, आणि त्या संसर्गातून काहींची पुढे हृदयाची झडप निकामी होते.

1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात मूळ रहिवाशांनी स्वतःच एक दवाखाना उघडला. सुरुवातीला तिथे डॉक्टर फुकट काम करत. आज देशभर त्यांच्याच लोकांनी चालवलेले असे शंभराहून जास्त दवाखाने आहेत.