विटेच्या पोटांतील पोकळी

माठाच्या अंगांतून पाणी पाझरलें कीं गृहिणी संतोष पावते. भिंतीच्या अंगांतून पाझरलें कीं तिच्या कपाळास आठी पडते. दोहोंचें कारण एकच: भाजलेल्या मातींतील, डोळ्यांस न दिसणारीं छिद्रें. आयुष्याची शिल्लक घालून बांधलेलें घर पहिल्याच पावसाळ्यांत ओलावलेलें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून हीं छिद्रें मोजतात कशीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली रीत सोपी आहे. वीट पूर्ण वाळवून तोलावी; मग चोवीस तास पाण्यांत बुडवून, वरचें पाणी पुसून पुन्हां तोलावी. वाढलेलें वजन म्हणजे विटेनें प्यालेलें पाणी. साध्या प्रतीच्या विटेस भारतीय मानकानें तिच्या वजनाच्या शेंकडा २० ही मर्यादा घातली आहे.

परंतु पोकळी किती हें कळल्यानें छिद्रें केवढीं हें कळत नाहीं. पोकळी सारखीच असली तरी बारीक छिद्रांच्या विटेंत ओल अधिक उंच चढते. येथें पारा उपयोगीं पडतो. पाणी विटेंत आपण होऊन शिरतें. पाऱ्यास मात्र लोटावें लागतें, आणि छिद्र जितकें अरुंद तितका दाब अधिक लागतो. हा नियम एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९२१ सालीं मांडला. १९४५ सालीं रिटर व ड्रेक यांनीं त्यावर आधारलेलें मापनयंत्र प्रसिद्ध केलें. निर्वात पात्रांत नमुन्याभोंवतीं पारा भरून दाब वाढवीत नेतात, व कोणत्या दाबास किती पारा आंत गेला हें टिपतात. हवेच्या नेहमींच्या दाबास मिलिमीटरच्या सुमारें १५ सहस्रांशांएवढीं छिद्रें भरतात. त्याच्या चार हजारपट दाबास ४ दशलक्षांशांपर्यंतचीं!

या यंत्रास मर्यादाही आहेत. छिद्र दौतीसारखें, पोट मोठें व तोंड लहान असें असेल, तर तें तोंडाचेंच माप सांगतें. शिवाय पारा विषारी, आणि तपासलेला नमुना कायमचा वाया जातो.

असें यंत्र प्रयोगशाळेंतच असावयाचें. तराजू व बादली मात्र कोणासही मिळण्यासारखीं आहेत. घर बांधणारांनीं विटा उतरवून घेण्यापूर्वीं पांच विटा भिजवून तोलाव्या, एवढीच आमची विनंती. भिंत उभी राहिल्यावर तिच्या पोटांतील पोकळी मोजून काय उपयोग?