क्षमाशील आयर्न : नवशिक्या गोल्फ-खेळाडूनें काय निवडावें ?

गोल्फचा खेळ आमच्या देशास नवा नाहीं. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालीं स्थापन झाला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून त्याची ख्याति आहे. मुंबईस चेंबूर येथेंहि १९२७ पासून क्लब आहे. आमच्या वाचकांच्या घरांतूनहि कोठें नोकरींतील तरुण चिरंजीव, तर कोठें निवृत्तीनंतर व्यायामाची सोय पाहणारे काका, ह्या खेळाच्या नादीं लागलेले असतील. पहिले चार धडे संपतात न संपतात तोंच त्यांच्यापुढें संच विकत घेण्याचा प्रश्न उभा राहतो. नियमाप्रमाणें खेळतांना चौदापर्यंत क्लब बाळगतां येतात, आणि त्यांत आयर्नांचा भरणा मोठा असतो. खर्च घरखर्चांत सहज जिरून जाण्याजोगा नाहीं; म्हणून ह्या विषयाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुकानांत गेल्यावर नवशिक्याची दृष्टि प्रथम जाते ती पातळ, चकचकीत, सुबक पात्याच्या ‘ब्लेड’ आयर्नावर. नामांकित खेळाडूंच्या हातीं तो पाहिलेला असतो. पण त्याचें पोलाद बरेंचसें मुखाच्या मध्याभोंवतीं एकवटलेलें असतें. चेंडू नेमका मध्यावर बसला तर फटका उत्तम. अर्धा इंच बाजूला बसला कीं पातें हातांत वळतें, चेंडू वांकडा जातो आणि अंतरहि घटतें. कसलेल्या खेळाडूचा चेंडू बहुतेक वेळां मध्यावर बसतो, नवशिक्याचा क्वचितच.

ह्यावर उपाय काय ? आमच्या गांवोगांवीं दोरावर चालणारा डोंबारी हातांत लांब बांबू आडवा धरतो. बांबूचें वजन दोन्ही टोंकांकडे पसरलेलें असल्यामुळें तो सहजासहजीं फिरत नाहीं, आणि डोंबाऱ्यास तोल सांवरण्यास अवधि मिळतो. आयर्नाच्या माथ्यासहि हेंच तत्त्व लागू पडतें. पाठीमागचा मध्यभाग पोकळ करून तेथील पोलाद कडांकडे नेलें, म्हणजे चेंडू बाजूला बसला तरी माथा कमी वळतो. अशा आयर्नास ‘कॅव्हिटी-बॅक’ म्हणतात. हें तत्त्व लोकप्रिय करण्याचें श्रेय मुख्यतः कार्स्टन सोल्हाइम यांस आहे. नॉर्वेंत १९११ सालीं जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनींत इंजिनियर होते. १९५९ सालीं त्यांनीं स्वतःच्या गॅरेजांत ‘पिंग’ नांवाचा पटर तयार केला. पुढें तोच विचार आयर्नांस लावला, आणि १९८२ सालीं निघालेला त्यांचा ‘आय टू’ संच जगभर खपला.

जुन्या वळणाचे खेळाडू येथें एक आक्षेप घेतात. ‘ब्लेड चुकीची शिक्षा तात्काळ देतो, म्हणून तोच खरा गुरु,’ असें ते म्हणतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं; क्षमाशील आयर्नावर चुकलेला फटका हातास तितकासा झोंबत नाहीं. परंतु शिक्षेपासून बोध घेण्यास आपलें काय चुकलें हें कळावें लागतें, आणि नवशिक्यास नेमकें तेंच कळत नसतें. दहापैकीं आठ चेंडू गवतांत लोळले, तर तो शहाणा होत नाहीं, खट्टू होतो. आणि महिन्याभरांत संच माळ्यावर जाऊन पडतो. चूक कळण्याचा सोपा मार्ग निराळा आहे. मुखावर पावडरीचा पातळ थर द्यावा आणि दहा चेंडू मारून ठसे पाहावे. ठसे चोहोंकडे विखुरलेले असतील, तर क्षमाशील आयर्नाची गरज आहे हें मान-अपमानाचा प्रश्न न करितां मान्य करावें.

आतां निवडीविषयीं. तळ रुंद असावा, म्हणजे चेंडूच्या मागें जमिनीस लागलेला फटका मातींत न रुततां घसरत पुढें जातो. पावसाळ्यांतील मऊ जमिनीवर ह्याचा मोठा उपयोग. उन्हाळ्यांतील टणक मैदानावर मात्र फार रुंद तळ उसळतो, म्हणून मध्यम रुंदी बरी. वजन खालीं असावें, म्हणजे चेंडू सुखानें वर चढतो. तीन व चार नंबरांच्या लांब आयर्नांचा मोह सोडून त्यांऐवजीं हायब्रिड घ्यावा. ज्यांचा हात मंद आहे अशा वडीलधाऱ्यांस ग्राफाइटचा हलका शाफ्ट मानवतो. जोरकस तरुणास पोलादी चालेल. लांबी व माथ्याचा कोन आपल्या उंचीस जुळतो कीं नाहीं, हें शिक्षकाकडून पाहून घ्यावें.

एका भुलावणीपासून सावध राहावें. पूर्वीं सात नंबरच्या आयर्नाचा कल सुमारें ३५ अंश असे; आजच्या पुष्कळ क्षमाशील संचांत तो ३० अंश किंवा त्याहूनहि कमी असतो. ‘आमचा सात नंबर अधिक लांब जातो’ ह्या जाहिरातीचें रहस्य पुष्कळ अंशीं ह्यांतच आहे. असा संच घेतल्यास शेवटचा पिचिंग वेज आणि ५६ अंशांचा सँड वेज यांत मोठी फट पडते, व ती भरण्यास आणखी एक वेज घ्यावा लागतो. तेव्हां नंबर न पाहतां अंश विचारावे.

खर्चाच्या बाबतींत अंथरूण पाहून पाय पसरावे. पोलादी माथा पांच-दहा वर्षांत निकामी होत नाहीं. वापरलेला संच खोबणी झिजल्या नाहींत हें पाहून घ्यावा व मुठीवरील रबर नवें बसवावें. आरंभीं एक हायब्रिड, सात व नऊ नंबर, दोन वेज आणि पटर एवढ्यावर वर्ष सुखानें जातें.

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण नवशिक्यास ऐकवतों. पण अंगण खरोखरच वांकडें असेल, तर तें सपाट करून देण्यांत कमीपणा नाहीं. मात्र क्षमेलाहि मर्यादा आहे. मुख तिरपें ठेवून मारलेला चेंडू कोणताहि आयर्न सरळ करून देणार नाहीं. तें काम सरावाचें आहे. चांगलें हत्यार इतकेंच करतें, कीं तो सराव सोडून देण्याची पाळी शिकणाऱ्यावर येऊं देत नाहीं.