कुत्र्याचा गोचीड-ताप आणि प्रतिजैविक औषधे

मळ्याची राखण करणारा कुत्रा एकाएकी भाकरीस तोंड लावीनासा होतो, त्याचे अंग तापते आणि तो कोपऱ्यात पडून राहतो. अशा वेळी गाईच्या कासेच्या दगडीसाठी आणलेल्या औषधातील शिल्लक किंवा घरातील माणसाची उरलेली गोळी त्यास देण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा प्रघात घातक आहे. प्रतिजैविक औषध हे तापावरील औषध नव्हे. ते केवळ जीवाणूंवर चालते, आणि तेही प्रत्येक औषध प्रत्येक जीवाणूवर चालत नाही.

आपल्याकडील कुत्र्यांत नेहमी आढळणारा गोचीड-ताप हे याचे उत्तम उदाहरण होय. १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिलेला हा रोग एर्लिशिया कॅनिस या जीवाणूमुळे होतो व तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. गोचीड चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, गळ्याखालच्या गाठी सुजतात, हिरड्या फिकट पडतात. रक्त गोठविणाऱ्या कणिका कमी झाल्यामुळे काही कुत्र्यांच्या नाकातून रक्तही येते. हे जीवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आत वास करतात. त्यांच्यावर पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. डॉक्सिसायक्लीन मात्र गुणकारी ठरते. गोचिडीपासूनच होणारा बबेसिया हा दुसरा रोग दिसावयास पुष्कळसा असाच असतो. पण तो जीवाणूजन्य नसल्याने त्यास निराळे औषध लागते. यास्तव रक्त तपासून घेणे इष्ट.

डॉक्सिसायक्लीनची मात्रा पशुवैद्य कुत्र्याच्या वजनावरून ठरवितात. साधारणतः दर किलोस दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यास २०० मिलिग्रॅम, असे हे औषध २८ दिवस द्यावे लागते. खरी अडचण येथेच आहे. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा पुन्हा अंगणात भुंकू लागतो आणि मालक गोळ्या बंद करतो. शरीरात उरलेले जीवाणू त्यानंतर महिनोन् महिने दडून राहू शकतात व पुढे रोग जुनाट होऊन रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर घाला घालतो. त्या अवस्थेत कुत्रा वाचविणे फार कठीण असते. गोळी दुधातून देऊ नये, कारण दुधातील चुन्यामुळे औषध अंगी कमी लागते. ती भाकरीच्या घासात देऊन वर पाणी पाजावे. कुत्री गाभण असल्यास किंवा पिलू लहान असल्यास ते पशुवैद्यास आधी सांगावे.

डिस्टेंपर, पिलांना होणारा पार्वो व पिसाळणे हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांतील विषाणूवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. तेथे लसच उपयोगी. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याच्या तोंडात गोळी घालण्याचे धाडस कोणी करू नये. कुत्रा चावल्यास जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तात्काळ लस टोचून घ्यावी. तसेच माणसाच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्यास विषासमान ठरू शकतात.

गोचिडी कुत्र्याच्या अंगावर जितक्या दिसतात त्याहून अधिक भिंतीच्या भेगांत व कुत्र्याच्या बसण्याच्या जागेत असतात, कारण मादी अंगावरून उतरून तेथेच हजारो अंडी घालते. त्या भेगा लिंपून घ्याव्यात. गुरांवर फवारावयाचे औषध अंदाजाने कुत्र्यास लावू नये. अंगावरील गोचीड बोटांनी चिरडण्याऐवजी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी.