नाथसागराचा तळ आणि पाण्यातला ध्वनी

पैठणचा नाथसागर भरला की वर्तमानपत्रांत दोन आकडे ठळक टाइपात छापून येतात. पातळी १५२२ फूट, साठा १०२ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या मापात सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. यातला पहिला आकडा कसा मिळतो हे कळण्यासारखे आहे. धरणापाशी पट्टी असते, ती वाचायची. पण दुसरा? जवळजवळ ३५० चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्याचे घनफळ कोणी आणि कशाने मोजले?

ते रोज कोणी मोजत नाही, कोष्टकात पाहतात. अमुक पातळीला अमुक साठा, असे कोष्टक प्रत्येक धरणासाठी तयार केलेले असते. पट्टीवरची पातळी वाचायची आणि कोष्टकात तिच्यासमोरचा आकडा घ्यायचा. जायकवाडीच्या कोष्टकात पूर्ण भरलेल्या जलाशयासमोर २९०९ दशलक्ष घनमीटर हा आकडा आहे. त्यातले ७३८ मृतसाठ्याचे आणि उरलेले २१७१ उपयुक्त साठ्याचे. धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ मध्ये ते पूर्ण झाले. तेव्हा हा तळ कोरडी जमीन होता. शेते, ओढे, गावे यांची उंची साध्या भूमापनाने काढता येत होती आणि त्यावरून कोष्टक बनवता येत होते.

त्यानंतर दर पावसाळ्यात गोदावरी आणि प्रवरा नाशिक-नगरकडची माती घेऊन येत राहिल्या. जलाशयात पाणी संथ होते आणि माती खाली बसते. म्हणजे भांडे तेच दिसते, पण त्याचा तळ वर येतो. कोष्टक मात्र तळ पुन्हा मोजेपर्यंत जुनेच राहते.

यात काही थोडेथोडके अडलेले नाही. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराचे पिण्याचे पाणी येथूनच येते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात घालावा लागला होता. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, हा वाद तर मराठवाड्यात सर्वांना पाठ आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या आदेशात, ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे, असे सूत्र होते. पुढे या आकड्यावर फेरविचारही सुरू झाला. पण आकडा ६५ असो की आणखी काही, तो 'कशाचे' टक्के आहे हे तळाच्या नकाशावरच ठरते.

पाण्याखालचा तळ मोजायचे दोन मार्ग आहेत. उपग्रहाच्या चित्रांवरून, पातळी उतरत जाते तसतसा पाण्याचा विस्तार किती आक्रसतो हे मोजता येते. हा मार्ग स्वस्त आहे, पण पाणी जिथवर उतरते तिथवरच तो चालतो. जो तळ कधी उघडाच पडत नाही तिथे नावेतच बसावे लागते. जुन्या काळी दोरीला वजन बांधून सोडत. नाथसागरावर दोरी घेऊन फिरायचे म्हटले तर एक पिढी खर्ची पडेल. म्हणून दोरीऐवजी ध्वनी सोडतात.

नावेच्या बुडाशी बसवलेले एको साउंडर नावाचे यंत्र ध्वनीचा एक छोटा ठोका खाली सोडते. तो तळावर आपटून परत येतो. लागलेल्या वेळाची निम्मे करायची, ध्वनीच्या वेगाने गुणायचे, की खोली मिळाली. नाव ठरलेल्या रेषांवरून जाते, तिचे स्थान उपग्रहांवरून कळते, आणि सेकंदाला अनेक वेळा खोली नोंदली जाते. पाण्याच्या पातळीतून ही खोली वजा केली की तळाची उंची हाती येते.

यात वेळ मोजणे यंत्राला अगदी सोपे जाते. खरी गोम आहे ती वेगात. यंत्राला वेग ठाऊक नसतो. आपण सांगू तो ते मानते. बऱ्याच यंत्रांत सेकंदाला १५०० मीटर हा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. पुस्तकांतही पाण्यातल्या ध्वनीचा वेग बहुधा एवढाच दिलेला असतो. तो कुठे खरा आणि कुठे खोटा, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८२६ साली जीन-डॅनिएल कोलाडॉन आणि चार्ल्स स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात हा वेग मोजला. दोन नावा एकमेकींपासून साडेतेरा किलोमीटर अंतरावर उभ्या होत्या. एका नावेतून पाण्यात घंटा सोडलेली होती. तिच्यावर टोला पडला की त्याच क्षणी वर दारू पेटून उजेड होत असे. दुसऱ्या नावेत पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून कोलाडॉन बसला होता. उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर. पाणी ८ अंश सेल्सियसला होते. आजच्या अचूक मोजणीप्रमाणे त्या तापमानाला वेग सुमारे १४३९ हवा. कान, डोळा आणि हातातले घड्याळ यांच्या बळावर एवढे जवळ पोचणे आम्हांला आजही थक्क करते.

हवेतल्या वेगाच्या हा चौपटीहून जास्त आहे. विद्यार्थी येथे हमखास विचारतात: पाणी तर हवेपेक्षा आठशे पट जड, मग ध्वनी मंद का होत नाही? माध्यम जड असले की ध्वनी मंदावतो हे खरेच आहे. पण माध्यम दाबायला कठीण असले की तो वेगावतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट कठीण आहे. कठीणपणाला घनतेने भागून वर्गमूळ काढले की वेग मिळतो. पंधरा हजारांना आठशेंनी भागा, वर्गमूळ काढा. चारांच्या थोडे वर उत्तर येईल.

आता पाणी तापवले तर काय होईल? बहुतेक द्रव तापले की दाबायला सोपे होतात आणि त्यांतला ध्वनी मंदावतो. पाणी येथेही आपला हेका सोडत नाही. थंड पाण्यात रेणूंची रचना सैल, पोकळ असते. तापमान वाढले की ती मोडते आणि पाणी दाबायला अधिक कठीण होते. म्हणून ध्वनीचा वेग वाढत जातो, तो थेट ७४ अंशांपर्यंत. तेथे तो सुमारे १५५५ होतो आणि मग उतरू लागतो. आपल्याकडच्या तलावांत पाणी १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असते. तेवढ्या टप्प्यात एक साधे सूत्र पुरते:

वेग = १४०४.३ + ४.७ त − ०.०४ त²

येथे 'त' म्हणजे अंश सेल्सियसमधले तापमान आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये. २० अंशांना १४८२.३, २५ अंशांना १४९६.८ आणि ३० अंशांना १५०९.३ अशी उत्तरे येतात. पाण्यातल्या क्षारांनी आणि खोलीवरच्या दाबानेही वेग वाढतो. समुद्रात या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या असतात. गोड्या आणि उथळ तलावात त्यांचा वाटा सेकंदाला एखाद्या मीटरच्या आतच राहतो. म्हणजे नाथसागरासाठी मुख्यतः तापमान सांभाळायचे.

तळ मोजण्यासाठी जलाशय भरलेला असणे सोयीचे, म्हणून हे काम पावसाळ्यानंतर सुरू होते. समजा ऑक्टोबरात पाणी २६ अंशांना आहे. सूत्राप्रमाणे वेग १४९९.५. यंत्रातला १५०० हा आकडा येथे नशिबाने बरोबर निघाला! काम रेंगाळले, जानेवारी उजाडला आणि पाणी २० अंशांवर आले. आता खरा वेग १४८२.३ आहे, पण यंत्र १५०० नेच गुणते आहे. प्रत्येक खोली १.२ टक्क्यांनी जास्त येऊ लागली. नाव तीच, यंत्र तेच, माणसेही तीच. बदलली ती फक्त थंडी.

१.२ टक्के म्हणजे किती? २९०९ दशलक्ष घनमीटरला ३५० चौरस किलोमीटरने भागा. नाथसागराची सरासरी खोली येते फक्त ८.३ मीटर, म्हणजे मोठ्या विहिरीपेक्षाही कमी. तिची १.२ टक्के म्हणजे १० सेंटीमीटर, वीतभरसुद्धा नाही. पण हे १० सेंटीमीटर ३५० चौरस किलोमीटरवर पसरले की ३५ दशलक्ष घनमीटर होतात. सव्वा टीएमसीच्या आसपास पाणी नुसते कागदावर तयार झाले. माणशी रोज १३५ लिटर धरले तर पंधरा लाख वस्तीला ते साडेपाच महिन्यांहून जास्त पुरले असते. अर्थात संपूर्ण जलाशय जानेवारीतच आणि चुकीच्या वेगाने मोजला तर हे होईल. निम्मा मोजला तर निम्मी चूक.

गाळाच्या हिशोबात ही चूक आणखी बोचते. गाळ काढायचा म्हणजे जुन्या साठ्यातून नवा साठा वजा करायचा. दोन मोठ्या संख्यांची ही लहानशी वजाबाकी असते. समजा दोन मोजण्यांच्या दरम्यान साठा ३ टक्क्यांनी घटला आहे, आणि दुसऱ्या मोजणीत खोली १.२ टक्क्यांनी जास्त आली. मग गाळ १.८ टक्केच दिसेल. धरण अपेक्षेपेक्षा हळू भरते आहे, असा सुखद निष्कर्ष अहवालात जाईल.

हे टाळण्यासाठी वेग जागेवरच मोजावा लागतो. जुनी आणि आमच्या मते अजूनही उत्तम रीत म्हणजे लोखंडी पाटीची. खुणा केलेल्या साखळ्यांनी एक सपाट पाटी यंत्राच्या बरोबर खाली २ मीटर, मग ४, मग ६ मीटर अशी सोडत जायची. यंत्राने प्रत्येक वेळी तीच खोली दाखवली पाहिजे. न दाखवली तर वेगाचा आकडा बदलायचा. वारा नसलेली सकाळ मात्र हवी, नाहीतर पाटी झुलते.

दुसरी रीत वेगमापक कांडीची. तिच्या टोकाला एक छोटा ध्वनिस्रोत आणि त्यासमोर ठरावीक अंतरावर परावर्तक असतो. अंतर १० सेंटीमीटर धरले तर जाऊन-येऊन ध्वनीला सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या १३३ पट वेळ लागतो. अंतर माहीत, वेळ माहीत, म्हणून वेग कळला. कल्पना कोलाडॉनचीच, फक्त साडेतेरा किलोमीटरचे सरोवर मुठीत आले. ही कांडी दोरीने तळापर्यंत सोडली की प्रत्येक खोलीवरचा वेग मिळतो.

प्रत्येक खोलीवरचा कशाला? कारण तलावातले पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखे नसते. समजा वरचे ४ मीटर पाणी २६ अंशांना आहे आणि खालचे ८ मीटर २२ अंशांना. वेग अनुक्रमे १४९९.५ आणि १४८८.३. दोन्ही थरांना लागणारा वेळ वेगवेगळा काढून बेरीज करा आणि १२ मीटरला त्या वेळाने भागा. सरासरी वेग १४९२ येतो. नुसते पृष्ठभागाचे तापमान घेतले असते तर १२ मीटरची खोली १२.०६ दिसली असती. नाथसागर उथळ आणि उघडा असल्याने वारा पाणी घुसळत राहतो, त्यामुळे असे थर फार काळ टिकत नसावेत. पण 'नसावेत' यावर नकाशा काढता येत नाही.

नवी यंत्रे एकच ठोका सरळ खाली सोडण्याऐवजी पंख्यासारखे पसरणारे कित्येक किरण सोडतात. त्यात आणखी एक भानगड होते. तिरपा किरण एका थरातून दुसऱ्या थरात शिरताना वाकतो, प्रकाश काचेत शिरताना वाकतो तसाच. वेगाची माहिती चुकली तर सपाट तळाच्या कडा नकाशात वर किंवा खाली वळलेल्या दिसतात. नकाशात तळ असा 'हसू' किंवा 'रुसू' लागला की जाणकार आधी वेगाकडे बोट दाखवतात.

विद्यार्थ्यांना घेऊन यातला तापमानाचा भाग करून पाहता येईल. गावात कठडा असलेली खोल विहीर असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली एका मोठ्या बाटलीला दगड बांधा, तोंडाला बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर नेऊन बुचाच्या दोरीला हिसका दिला की तिथले पाणी आत शिरते. बुडबुडे थांबले की बाटली झटकन वर ओढून लगेच तापमापक बुडवा. दर मीटरला एक वाचन घ्या, सूत्रातून वेग काढा आणि वर केली तशी सरासरी काढा. हाच प्रयोग मे महिन्यात आणि पुन्हा डिसेंबरात केला, तर १५०० वर लावलेले यंत्र त्या विहिरीची खोली दोन्ही वेळा किती दाखवील, हे वर्गातल्या फळ्यावरच कळेल.